आईचं उष्टं

माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट थुंकीवर होता. हसा खुशाल, वर्गातले सगळेच हसले. आपल्या तोंडात राहणारे काही जिवाणू असं द्रव्य सोडतात, की शेजारचे रोगकारक जिवाणू मरतात. काचेच्या बशीत रोगकारक जिवाणू वाढवायचे, मध्ये लाळेतल्या जिवाणूंचा ठिपका द्यायचा. ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं, की काम फत्ते! नांदेडात मैत्रिणींची, मेसच्या मावशींची, माझी स्वतःची लाळ वापरून झाली. एकाही बशीत कडं नाही आणि प्रोजेक्ट द्यायला तीन आठवडे उरलेले.

शेवटी कंधारला आईकडे गेले. साठी जवळ आली तरी तिचा एकही दात किडलेला नाही. "सकाळी उठल्या उठल्या, चूळ न भरता या डबीत थुंक," एवढं सांगून झोपले. सकाळी डबी तयार. बर्फाच्या थर्मासात घालून पहिल्या बसनं नांदेड गाठलं. दोन दिवसांनी पाहते तर ठिपक्यात तिच्या लाळेतलं काहीच उगवलेलं नाही. कडं तर नाहीच!

फोनवर खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "आगं, तुझ्या शिक्षणाला उष्टं कसं द्यावं? मीठ-तुरटीनं तोंड खळखळून धुतलं, वरून लवंग चघळली, मगच थुंकले."

मी कपाळाला हात लावला. लई ओरडले तिच्यावर, अजून लाज वाटते. पण उष्ट्याच्या बाबतीत ती पहिल्यापासून अशीच. लहानपणी तिच्या ताटातला घास उचलला, की हातावर चापट बसायची. "माझं उष्टं खाल्लंस तर माझं नशीब तुझ्या पदरात येईल," म्हणायची. चौथीत सुटलेली शाळा, सोळाव्या वर्षी लग्न, मग जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणं, हे ते नशीब. मला मात्र तेव्हा वाटायचं, आईला माझी किळस येते.

दुसऱ्या खेपेला पहाटेच तिला समोर बसवून घेतलं. पदराआड तोंड करून, देवाची माफी मागत ती थुंकली. आणि या वेळी कडं उमटलं, चांगलं रुपयाएवढं. मी प्रयोगशाळेतच रडले.

रविवारी मोबाइलमधला फोटो दाखवायला घरी गेले. ती चुलीपुढे जेवत बसली होती. कुठले जिवाणू रोग अडवतात ते मी सांगितलं, तेव्हा फोटो निरखून म्हणाली, "म्हंजी हे राखणदार माझ्या तोंडातले? तुझ्या तोंडात न्हाईत?"

"न्हाईत. माझी बशी कवाच फुकट गेली."

तिनं हातातल्या भाकरीचा एक घास दातानं तोडला आणि उरलेली भाकरी माझ्यापुढे धरली. "घे. येवढं एक चांगलं निघालं माझ्यात, ते तरी तुझ्या पदरात येऊ दे."

एका भाकरीनं ते जिवाणू मुक्कामाला येतीलच असं नसतं. ते काही मी बोलले नाही. तिनं तोडलेल्या कडेपासून सुरुवात केली आणि सगळी भाकरी खाल्ली.