पाखरांना पाठ झालेली आरोळी

देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला थंडी आली हे कळायला कॅलेंडर लागत नाही. साखर कारखान्याचा भोंगा वाजू लागतो, उसाच्या ट्रॉल्या कर्कश गाणी लावून रस्त्यानं जातात आणि भोरड्या येतात. काळं डोकं, गुलाबी पोट. त्यांचा थवा उसावरून वळतो तेव्हा वाळल्या पाचटातून वारा गेल्यासारखा आवाज होतो. ट्रॉल्यांवरच्या गाण्यांपेक्षा मला तो बरा वाटतो. माझं पक्षीनिरीक्षण एवढंच.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावाबाहेर घर घेतलं. कुंपणापलीकडे वीस गुंठे ज्वारी, बाकी नजर जाईल तिथवर ऊस. ज्वारी शेजारच्या मावशींची. वय पासष्टीच्या पुढे. घरची वर्षाची भाकरी आणि गाईचा कडबा एवढ्याच तुकड्यातून निघायचा. आसपास दुसरं धान्य नसल्यामुळे साऱ्या भोरड्या जेवायला तिथंच येत. कणसात दूध भरलं की दाणे टणक होईपर्यंत मावशी बांबूच्या माळ्यावर उभ्या राहून दिवसभर आरोळ्या देत.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला आईचे हे कष्ट बघवेनात. त्यानं बॅटरीवर चालणारा एक भोंगा आणला, त्यात आईचीच आरोळी रेकॉर्ड केली. दर दोन मिनिटांनी ती आपोआप वाजणार होती. अशा गोष्टीचं उद्घाटन केल्याशिवाय आपल्याकडे ती चालू होत नाही. गावातले एक पुढारी आले, नारळ फुटला, मावशींना शाल मिळाली. मग आधुनिक शेतीवर पाऊण तास भाषण झालं. ते चालू असताना शिवारात एक पाखरू फिरकलं नाही. भाषणच रेकॉर्ड करायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं.

पहिले काही दिवस भोंग्यानं काम चोख केलं. आठव्या दिवशी मावशींनी मला कुंपणापाशी बोलावलं.

"सर, बघा की. पाखरांना पाठ झालं."

खरंच झालं होतं. भोरड्या उसाच्या शेंड्यांवर बसून आरोळी संपायची वाट बघत, ती संपली की आरामात ज्वारीत उतरत. दोन मिनिटं जेवण, मग पुन्हा शेंड्यावर. बांधापलीकडच्या लिंबाच्या झाडाकडचा कोपरा त्यांनी पार साफ केला होता. कणसांची नुसती पांढरी बोंडकं उरली होती.

"आई, आवाज वाढवतो," मुलगा म्हणाला.

"वाढव. नगरला ऐकू जाईल. पाखरं हितंच हायेत."

मावशी पुन्हा माळ्यावर चढल्या. दोन दिवस त्या थंडीत ओरडल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला. दाणे टणक व्हायला अजून आठवडाभर होता. तेवढ्यात अर्धी ज्वारी सहज गेली असती.

"तुमचा घसा मोकळाच हाय की," त्या कुजबुजल्या.

तीस वर्षं वर्ग गप्प केलेल्या आवाजात मी ओरडून बघितलं. एकही भोरडी हलली नाही.

"शिकवल्यागत नका वरडू, सर. झोप लागंल त्यांना."

मग त्यांनी माझ्या हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक दांडकं दिलं. "मी हात वर केला की बडवा. तवर गप." मुलाला म्हणाल्या, "तू भोंगा बंद कर आनि खालच्या बांधावर जा. मोबाईल घरी ठेव."

त्या आठवड्यात मी जे शिकलो ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. थवा दूर असताना आवाज केला तर पाखरं तुम्हाला ओळखून ठेवतात. बसल्यावर केला तर ती नुसती दुसऱ्या कडेला सरकतात. उतरण्याआधी मात्र सगळा थवा क्षणभर कलतो, पंख आखडतो, आणि बसावं की नाही हे त्याचं ठरायचं असतं. मावशींचा हात नेमका तेव्हा वर जायचा. मी दोनदा घाई केली. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. विद्यार्थ्यांना कसं वाटत असेल ते मला उशिरा कळलं.

एकच युक्ती त्यांनी लागोपाठ दोनदा वापरली नाही. कधी डबा, कधी बांधावरून मुलाची शिट्टी. कधी ज्वारीत दबून बसायच्या आणि एकदम उभ्या राहायच्या. एकदा तर आवाजच नाही, नुसता पदर झटकला, आणि हजारभर पाखरं सरळ नदीच्या दिशेला गेली. मी डबा खाली ठेवून बघत राहिलो.

"आता काय टाळ्या वाजवता का?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तिकडून दुसरा थवा येतोय."

सहाव्या संध्याकाळी त्यांनी मधल्या कणसातून एक दाणा काढला आणि दाढेखाली धरला. कट्ट असा बारीक आवाज आला. त्यांनी लिंबाकडून एक, बांधाकडून एक, असे आणखी दोन चावून बघितले. तेही तसेच वाजले.

"झाली," मुलाकडे बघून त्या म्हणाल्या. "उद्या बाया सांग काढनीला."