सगळ्यांवर संशय घेणारे काका

चहा आला की आधी कपात डोकावणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. आमचे काका त्यापुढचे. ते चहावाल्याच्या तोंडाकडेही बघायचे! कुणाला वेळ विचारली तर त्याचं घड्याळ बरोबर आहे का, हे तिसऱ्याला विचारायचे. बोईसरच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी विभाग सांभाळत. तोंडावर काका, पाठीमागे शंकासुर.

काम होतं काचेचं. काचेवर धातूच्या ऑक्साइडचा इतका पातळ थर चढवायचा, की आरपार दिसावं आणि तरी त्यातून वीज वाहावी. थर डोळ्यांना दिसतच नाही, म्हणजे काकांना रानच मोकळं. "जं दिसत नाय, त्याच्यावर आदी संशय घ्याचा," असं म्हणून एका मीटरने मोजलेली काच ते मला दुसऱ्याने मोजायला लावत. पहिले काही महिने मी मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्या.

त्या पावसाळ्यात माल परत आला. थरात बारीक रेघ मारून दोन भाग वेगळे केलेले असतात आणि ती रेघ ओलांडून वीज जाता कामा नये. या काचांत दमट हवेत ती जात होती. रेघेवर काहीतरी खारट लागलंय, असं निघालं. झालं! मॅनेजर माझ्याकडे वळले. "ही चिंचणीची ना? घरी सुकी मासळी. हिचेच हात." मी अजून तात्पुरती होते. सोमवारपासून येऊ नकोस, म्हणाले.

आई बोंबील सुकवते, खरं आहे. म्हणून मी काय मिठागर घेऊन फिरते? माझं डोकं फिरलं. काका तरी बाजू घेतील म्हणून बघितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "असंल. तपासू."

"काका, तुमचापण माझ्यावर संशय?"

"हाय ना, बाय. पन तुज्या एकटीवर नाय."

त्यांनी सगळ्यांना एकेक काच दिली. रोज जसं करता तसंच करा, म्हणाले. काच धुणारा, उचलणारा, मी, कुणालाच सूट नाही. शेवटची काच त्यांनी स्वतः घेतली. आम्ही थराची बाजू वर ठेवली असेल, यावर त्यांचा कधीच विश्वास नसे. म्हणून धुतलेली काच हातात आली की ते जिभेला अंगठा लावून कोपऱ्यावर घासून बघत. ओला अंगठा थरावर अडखळतो, असं त्यांचं म्हणणं. हे आम्ही इतकं पाहिलं होतं की आता कुणाच्या लक्षातही येत नसे.

दमट पेटीत ठेवलेल्या काचा सकाळी मोजल्या. माझी चोख निघाली. काकांच्या काचेत कोपऱ्यातल्या रेघेवरून वीज जात होती. त्यांनी दुसरा मीटर लावला, मग तिसरा. मग खुर्चीत बसले.

"आयला," ते म्हणाले, "माजीच थुकी."

मॅनेजरनी दार लावून घेतलं. "काका, निवृत्तीला आलात. कशाला बोभाटा? पोरगी तात्पुरतीच आहे, जाऊ दे तिला."

इतक्या वर्षांची त्यांची नोकरी, आणि मी कोण?

"ती नाय जानार," काका म्हणाले. "मी जातो." तिथेच कागद मागून त्यांनी राजीनामा लिहिला. मी रडत "काका, नका" म्हणत राहिले, तर माझ्यावरच खेकसले, "गप. जा कामाला लाग."

संध्याकाळी मी त्यांना पोचवायला गेटपर्यंत गेले. बाहेर पडताना सगळ्यांच्या पिशव्या तपासतात. वॉचमन संकोचून म्हणाला, "काका, आपका क्या चेक करना? जाइए."

काका भडकले. "क्यों? मैं कौन लगता है?" त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, पंचा, औषधाच्या गोळ्या, छत्री. बिचाऱ्याने डबा उघडला, छत्री झटकली, पिशवीत हात घालून पाहिलं. ते सगळं होईपर्यंत काका एका बाजूला दोन्ही हात वर करून उभे राहिले.