संबळाच्या आवाजातला खोकला

वाचनालयातल्या मित्रांनो, आज फळ्यावर सुविचाराऐवजी सकाळचा अनुभव लिहितो आहे.

देवळासमोर संबळ वाजत होता, मोटारींचे भोंगे चालू होते. मध्येच बायको थबकली. "अहो, शालू खोकली!"

आमची लहानगी शालू आजारपणात गेली, त्याला वर्ष होत आलं; तेव्हा ही रात्ररात्र तिच्या खोकल्याकडं कान देऊन जागायची. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. वळून पाहिलं, तर मागं एका यात्रेकरू बाईच्या कडेवरची पोर खरंच खोकत होती.

"लई न्हाय बाई, जरा सर्दी हाय," ती म्हणाली.

"तरी आजच डॉक्टरला दाखवा," बायको म्हणाली.

कॉलेजात शिकलो होतो, कान सगळंच घेतात, मेंदू त्यातलं निवडतो. मग माझ्या मेंदूनं शालूला इतक्या लवकर वगळलं? आणि आता कान देऊन जागायचं कारण उरलं नाही, हे हिच्या मेंदूला कुणी सांगायचं?