मोळीएवढी उंच वाट

सकाळी माळ्याने कुंपणावरची घाणेरी छाटली आणि त्या उग्र वासाने मला थेट श्रीवर्धनमागच्या डोंगरावर नेलं. वीस वर्षांपूर्वी मी श्रीवर्धनच्या शाळेत नवा मास्तर होतो. किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारे हसनचाचा दर दिवाळीआधी एक दिवस धंदा बंद ठेवत आणि डोंगरावरच्या आदिवासी वाडीची बुजलेली वाट मोकळी करत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. त्या वर्षी मीही गेलो.

मी खालची घाणेरीची झुडपं तोडत होतो. चाचा मात्र घोड्यावर बसूनच कोयत्याने वरच्या फांद्या उडवत होते. मी शहाणपणा केला, "चाचा, इतक्या वर कुणाचं डोकं लागणार?"

"तुमच्या डोक्यावर मोळी न्हाय ना, मास्तर."

तेवढ्यात एक बाई लाकडांची मोळी घेऊन उतरली. चाचांनी घोडा बाजूला घेतला. ती मान ताठ ठेवून, न थबकता, झपझप खाली निघून गेली. चाचा तोवर पुढच्या फांदीपाशी पोचलेसुद्धा.

"झालं, साहेब," माळी म्हणाला. फाटकावरची फांदी मी त्याला आणखी हातभर वर छाटायला लावली. डोक्यावर पाटी घेऊन मासळीवाली तिथूनच आत येते. ती रोज वाकते, हे मला आजच दिसलं.