घुबडाचं नाणं

थोरला भाऊ ग्रामपंचायतीला पडला आणि त्याचं खापर माझ्या एका नाण्यावर फुटलं.

मी शाळेत इतिहास शिकवतो. गेली वीसेक वर्षं ग्रीकांची जुनी चांदीची नाणी जमवतोय. भिंगाखाली छाप ताडून बघतो, वजनं वहीत टिपतो. त्यातलं सगळ्यात मोलाचं नाणं अथेन्सचं. एका अंगाला देवीचा चेहरा, दुसऱ्या अंगाला घुबड. घुबडाच्या पाठीवर छिन्नीचा घाव होता. आत खरी चांदी आहे का, हे बघायला कुण्या व्यापाऱ्यानं त्या काळीच घातलेला. नाण्यातलं मला तेच जास्त आवडायचं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ चपलांसकट आत आला.

“ते घुबड घराबाहेर काढ.”

“दादा, ते त्यांच्या विद्येच्या देवीचं हाय. आपल्या लक्ष्मीचं वाहनसुद्धा...”

“लक्ष्मी बसत असंल तिकडं बंगालात. लोक तोंडावर म्हणायलेत मला, भावानं घरात अवदसा पाळली.”

“तुमी पडलात ते तुमच्या वागण्यानं.”

तो तरातरा निघून गेला.

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी तीन दिवस बीडला होतो. परतलो तर कपाटातलं घुबडाच्या नाण्याचं पाकीट रिकामं. कपाटाची किल्ली कुठं असते, हे माझ्याशिवाय एकट्या दादालाच ठाऊक. तसाच समोरच्या त्याच्या घरात शिरलो. तो जेवत होता.

“गावदेवीला वाहिलं,” मान वर न करता तो म्हणाला. “सोनाराकडून आटवून तिला चांदीचे डोळे करून घेतले.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. “चोर हायस तू.”

“थोरल्या भावाला चोर म्हणतूस बे?”

“चोरच.”

सोनाराकडं गेलो. तो बिचारा ओशाळला. “मास्तर, मी इचारलं होतं कुनाचं म्हणून. घरचंच हाय म्हणले.” मग जरा थांबून, “चांदी मात्र लई चोख होती बगा.” त्याच्या त्या कौतुकानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवळात जाऊन ते डोळे बघितले. हात जोडले नाहीत.

बाकीची नाणी आता बँकेत आहेत. भावाशी बोलणं बंद आहे. दसऱ्याला रिवाजानं मी त्याच्याकडं सोनं घेऊन जायचं. गेलो नाही. दिवस मावळताना तोच आला, आपट्याची पानं पुढं केली. मी हात मागं बांधून उभा राहिलो. पानं पायरीवर ठेवून तो गेला.

सकाळी मी ती झाडून टाकली.