वन्संचं तांसियों

आमच्या थोरल्या वन्संइतकं खरं बोलणारं माणूस आमच्या बेटावरच्या सबंध मोका जिल्ह्यात झालं नाही, आणि त्यांच्या खऱ्या बोलण्याने गावाला जेवढा त्रास झाला तेवढा वादळानेही झाला नसेल. वादळाने घरांचे पत्रे नेले, ते पुन्हा ठोकता आले. वन्सं एकदा खरं बोलल्या की दोन घरांत वर्षभर अबोला. पण हा खरेपणा त्यांना जन्मापासून नव्हता. तो उतारवयात आला आणि तांसियोंमुळे आला. रक्ताच्या दाबाला आमच्याकडे सगळे तांसियोंच म्हणतात, बैठकीत मराठी शिकवणारे गुरुजीसुद्धा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विशीतच विधवा झाल्या आणि सें पिएरला भावाच्या घरी परत आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घराची किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि ती मागायची माझी कधी छाती झाली नाही. अंगाने आडव्या, आवाजाने त्याहून आडव्या. उसाच्या मळ्यात बायकांच्या टोळीत सगळ्यांत पुढे त्या. एकदा सरदाराने, म्हणजे मळ्याच्या मुकादमाने, एका पोटुशीला घटकाभर बसू दिलं नाही, तर वन्संनी त्यालाच बांधावर बसवलं आणि तिचं पाणी पिऊन होईपर्यंत उठू दिलं नाही. मोठ्या वादळात आमच्या न्हाणीघराचा पत्रा उडाला, तेव्हा माणसं दारं लावून देवाचं नाव घेत होती आणि या वारा जरा पडतो न पडतो तोच पत्र्याच्या मागे निघाल्या. दोन शेतं पलीकडून तो डोक्यावर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आपला पत्रा लोकांच्या शेतात कशाला?" अशी ही बाई. पण डॉक्टरने दंडाला तो कापडी पट्टा गुंडाळला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्यांची दृष्टी मंद झाली तेव्हा सुरुवातीला आम्हाला कळलंच नाही, कारण दिसत नाही हे त्यांनी कबूल केलं नाही. डाळीत मिठाऐवजी साखर पडली तर म्हणायच्या, "आज गोड खावंसं वाटलं." देवळात पुजाऱ्याला आपला भाऊ समजून त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, आंघोळ नीट करत नाहीस म्हणून. मग मात्र आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना शहरातल्या इस्पितळात पाठवलं, आणि सोबत मला. डॉक्टर आपल्यापैकीच, पण विलायतेत शिकून आलेले, फ्रेंचच बोलायचे. त्यांनी डोळे तपासून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा पुरता पिकलाय, तो आधी काढायचा, फार थांबलात तर तो डोळा जाईल. पण त्याआधी तांसियों बघायचं. पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, नळीतला पारा चढत गेला, आणि वन्संनी श्वास कोंडून धरला, कारण श्वास घेतला तर रक्त हलेल. डॉक्टर म्हणाले, दोनशे. एवढ्यावर सुरी लावता येत नाही. उतरलं की या.

बाहेर येऊन वन्सं म्हणाल्या, "दोनशे म्हंजे काय गो, चांगले की वाईट?"

"वाईट, वन्सं."

"मग मला एवढे कशाला दिलेन?"

त्या दिवसापासून वन्संनी तांसियों उतरवायचा ध्यास घेतला. मीठ सोडलं, आणि स्वतःचं सोडलं असतं तर चाललं असतं, सबंध घराचं सोडलं. लसूण एवढा खायच्या की बसमध्ये आमच्या शेजारची जागा रिकामी राहायची. कोंबड्यांवर ओरडणं बंद केलं. ओरडायचं आलं की मला बोलवायच्या आणि म्हणायच्या, "तू ओरड, तुझं रक्त अजून कोवळं आहे." मला ओरडता येत नाही. मी कोंबडीला हलकेच "जा गं" म्हणायची, आणि वन्सं आतून म्हणायच्या, "ही कोंबडीला ओरडते की ओवाळते?"

एवढं करूनही दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे तपासायला गेलं की चढलेलंच. मग वन्संनी खूप विचार करून स्वतःच कारण शोधलं. पोटात लपवून ठेवलेलं रक्तात उतरतं, पट्टा आवळला की ते वर येतं, आणि पाऱ्याला ते दिसतं. तेव्हा पोट रिकामं केल्याशिवाय तांसियों उतरणार नाही. आणि त्यांनी पोट रिकामं करायला सुरुवात केली.

पहिल्यांदा शेजारच्या भोजपुरी बाईकडे गेल्या आणि सांगून आल्या की तुझी तुरेवाली कोंबडी मुंगसाने नेली नव्हती, ती आमच्या रश्शात होती, सात वर्षांपूर्वी. पुजाऱ्याला सांगितलं की गणेश चतुर्थीला नैवेद्याआधी दरवर्षी एक मोदक मी चाखते, नाहीतर गूळ बरोबर पडला की नाही हे देवाने कोणाला सांगायचं? कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराला बुतिकमध्ये भर गिऱ्हाइकांत सांगितलं की मी तुझ्यामागे तुझ्या चालण्याची नक्कल करते, आणि त्याने विचारलं म्हणून करूनही दाखवली. तो मात्र एवढा हसला की काउंटरला टेकला. मला म्हणाल्या, "नऊ वर्षं देवळात तुझ्या पुरणपोळ्या मी माझ्या म्हणून वाटल्या." हे मला ठाऊक होतं. मग भाऊ जेवायला बसला असताना त्याला म्हणाल्या, "तुला पहिली पोरगी सांगून आली होती ना, तेर रूज गावची, ती तोतरी न्हवती. ती फाडफाड बोलायची. दोघींचं एका घरात जमलं नसतं म्हणून मी तोतरी सांगितली."

आमच्या घरच्यांचा घास हातात राहिला. "आक्का, आणि मग ही?"

"ही बोलतच न्हाय, म्हणून ही केली." एवढं बोलून त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "हलकं वाटलं."

त्यांचं तांसियों उतरलं की नाही देव जाणे, गावाचं मात्र चढलं. वन्सं रस्त्याने येताना दिसल्या की बायका दार लोटून घ्यायच्या.

पुढची गोष्ट लिहायचं मी खूप दिवस टाळलं आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा बाकावर खूप गर्दी होती. वन्सं ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर वेलीवरच्या शुशूंची, त्या हिरव्या फळभाजीची, पिशवी घेऊन प्रत्येकाला विचारत होत्या, "तुम्हाला किती दिलेन?" डॉक्टर आले. त्यांचा पांढरा कोट दिसला मात्र, वन्सं उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डॉक्टरांपुढेच पोट रिकामं करायला घेतलं, निम्मं इथल्या क्रिओल बोलीत, निम्मं मराठीत, आणि सगळं मोठ्याने. कोंबडी, मोदक, तेर रूजची पोरगी, आणि लहानपणी आईने विकायला ठेवलेल्या दुधात पाणी घातलं तेही. बाकावरचे लोक पोट धरून हसायला लागले. एक शहरी बाई, चांगली मोजे घातलेली, मला म्हणाली, "तुमच्यातली आहे का ही?" मी म्हणाले, "न्हाय, बसमध्ये भेटल्या." हे मी म्हणाले. वन्सं चार पावलांवर होत्या. त्यांना दिसत कमी होतं, ऐकू चांगलं येत होतं. त्यांनी ऐकलं की नाही मला आजवर माहीत नाही.

डॉक्टरांनी तांसियों घेतलं, पुन्हा दोनशेच्या आसपास. ते दुसऱ्या रोग्याकडे गेले. तेव्हा तिथली नर्स, एक क्रिओल मुलगी, वन्संजवळ बसली. "पा पेर, तांतिन," म्हणाली. घाबरू नको, मावशी. मग तिने शुशूंची चौकशी केली. वन्सं शुशूची भाजी सांगायला लागल्या, फोडणीत काय, आधी काय, आणि बोलता बोलता त्या मुलीने पट्टा कधी गुंडाळला हे त्यांना समजलंही नाही. मी नळीकडे बघत होते. मग तिने मला पडद्यामागे नेलं आणि हळूच सांगितलं, "एकशे चाळीस. मी तीनदा घेतलं. हे तांसियों नाही, डॉक्टरांची भीती आहे. त्यांना सांगू नका, कळलं की पुन्हा चढेल. डॉक्टरांना मात्र तुम्हीच सांगा, मला आताच वॉर्डात बोलावलंय. विसरू नका हं." आणि ती गेली.

डॉक्टर परत आले. त्यांनी कागदावरून डोळे वर केले आणि मला फ्रेंचमध्ये विचारलं, तुम्ही यांच्याबरोबर आहात का, काही सांगायचं आहे का? मला समजलं. सरकारी शाळेत चौथीपर्यंत होते, तेवढं फ्रेंच समजतं. उत्तर क्रिओलमध्ये दिलं असतं तरी त्यांना समजलं असतं. एकच वाक्य होतं. पण ती मोजेवाली बाई माझ्याकडे बघत होती, भिंतीवरचा विलायतेच्या राणीचा फोटोसुद्धा माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं, आणि वन्संची मला एवढी लाज वाटत होती की तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं. मी पदर ओढला आणि मान हलवली. नाही. डॉक्टरांनी लिहिलं, चार महिन्यांनी.

बसमध्ये वन्सं म्हणाल्या, "अजून काहीतरी राहिलंय गो माझ्या पोटात. मला आठवत न्हाय."

ते आठवण्यात त्यांनी पुढचे महिने काढले. रात्रंदिवस मनात उकरत बसायच्या. एकदा सांत्र द फ्लाकला सासरच्या माणसांकडे जाऊन आल्या, ज्यांचं तोंड तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी घराबाहेर काढलं होतं आणि या त्यांचीच क्षमा मागून आल्या, काय चुकलं होतं ते आठवत नसताना. मी बरोबर होते. मी अंगणात उभी राहून सगळं ऐकलं, आणि तिथेही बोलले नाही. रोज ठरवायची, आज आमच्या घरच्यांना सांगीन. मग वाटायचं, इतके दिवस का बोलली नाहीस म्हणून विचारतील. जेवढे दिवस जात होते तेवढं सांगणं कठीण होत होतं.

तिसऱ्या महिन्यात त्यांचा डावा डोळा लाल झाला. डोकं भिंतीवर आपटावं एवढा ठणकायचा. आम्ही मोटार करून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी धरून बघितलं आणि मान हलवली. हा डोळा गेला. दुखणं थांबवता येईल, दृष्टी नाही. उजव्याचं बघू, पण तांसियों... आणि त्यांनी पट्टा हातात घेतला. वन्संनी श्वास कोंडला.

तेव्हा मी बोलले. क्रिओलमध्ये, आणि एवढ्या मोठ्याने की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. "डॉक्टर, तुम्ही बाहेर जा."

डॉक्टरांनी पट्टा तसाच धरून माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हणाले, "तुम्हाला बघून यांचं चढतं. बाहेर जा आणि त्या नर्सला पाठवा. यांना शुशूची भाजी सांगू दे." आमचे घरचे माझ्याकडे असे बघत होते, जणू तेर रूजची तीच फाडफाड बोलणारी पोरगी समोर उभी आहे. डॉक्टर क्षणभर रागावल्यासारखे वाटले. मग पट्टा टेबलावर ठेवून खरंच बाहेर गेले. नर्स आली. एकशे छत्तीस. आठवड्याने उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून वन्संना हलू न देता निजवलं होतं, तेवढे दिवस त्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प होत्या.

घरी आल्या त्या जाड भिंगाचा चष्मा लावून, आणि भेटेल त्याला सांगत सुटल्या, "माझ्या भावजयीने डॉक्टरला बाहेर काढलान! ही बोलली म्हणून माझा हा डोळा आहे." देवळात सांगितलं, बुतिकमध्ये सांगितलं, ज्या बायकांनी दारं लोटली होती त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं. माझ्या पुरणपोळ्याही आता माझ्या नावाने वाटायला लागल्या. मी मान खाली घालायची, आणि लोक म्हणायचे, किती लाजाळू आहे.

त्यानंतर वन्सं सहा वर्षं होत्या. संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडताना एकदा त्यांनी सहज विचारलं, "माझ्या पोटात आता काही न्हाय बघ. तुझ्या आहे काय गो?" मी म्हणाले, "न्हाय, वन्सं." त्या सूप हलवत राहिल्या.

त्या सहा वर्षांत मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसत आले. तिथून त्यांना माझं तोंड दिसत नसे. बोलता बोलता मध्येच त्या थांबायच्या, सबंध मान वळवून, चष्मा सावरत मला शोधायच्या आणि म्हणायच्या, "कुठं गेलीस गो?"

"इथंच आहे, वन्सं," मी म्हणायची.