ड्रायव्हरमधला शेवटचा तुकडा

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा आधी इथंच कामाला होता. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, त्यानंच लिहिलेला. तो वारला आणि त्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. कोड काय, बदलतच राहतो, त्याला कोण काय करणार! बदलता बदलता नवऱ्याच्या हातचा त्यात एकच तुकडा उरला होता: कार्ड बिघडलं की बोंब मारणारा.

घरी सासू रोज लेकाच्या प्रोग्रॅमचं विचारायची, "चाललंय ना गं त्याचं?"

"चाललंय, आई. जगभर चाललंय."

मग कुठं म्हातारी ताटावर बसायची. नाहीतर अन्न तसंच गार व्हायचं.

आणि नेमकी त्या तुकड्यावर खोडरबराची नजर गेली. खोडरबर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. जुना कोड दिसला की याचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. "वहिनी, बिघाड कळवायचं काम आता सिस्टिम स्वतःच करते, सगळ्या कार्डांसाठी. आपण परत तेच सांगतोय. उडवू या का?"

मेल्याला नको तिथं खरं बोलायची हौस! "आधी तपासून बघते," ती म्हणाली. तुकडा काढला आणि कार्डात मुद्दाम बिघाड घडवला. गप्प बस गं बाई, आजच्या दिवस गप्प बस, असं ती मनात सिस्टिमला विनवत होती. कसलं काय! स्क्रीनवर बिघाडाची सूचना हजर. दुसरं कार्ड लावलं, तरी तेच.

काहीतरी थातुरमातुर कारण सांगून तुकडा ठेवता आला असता. खोडरबरानं हूं की चूं केलं नसतं. पण नवऱ्यानंच तो आधी उडवला असता. "एका दुखण्याची दोनदा बोंब कशाला?" हे त्याचंच बोलणं. तिला त्याचा असा राग आला! गेल्यावरसुद्धा माणसाचंच बरोबर असावं? डोळे पुसून तिनं बदल मंजूर केला. कार्ड पहिल्यासारखंच चालत राहिलं.

संध्याकाळी तिनं दोघींची ताटं वाढली.

"चाललंय ना गं त्याचं?"

"चाललंय, आई."

म्हातारी जेवायला बसली. वहिनी ताटातला भात नुसता चिवडत राहिली.

"जेव गं," सासू म्हणाली. "त्याचं चाललंय ना, मग झालं तर."